सणाच्या संध्याकाळी पायी जाताना गाडीने उडवले : भरपाईसाठी काय करायचे आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा : बहीण, वय ३८, गुहागर तालुक्यात घरगुती खानावळ चालवते. गौरी-गणपतीच्या सुट्टीत संध्याकाळी सातच्या सुमारास शेजारच्या वाडीतली आरती आटोपून घरी येत असताना मागून आलेल्या मोटारीने तिला धडक दिली. उजव्या पायाची नडगी मोडली, शस्त्रक्रिया करून रॉड टाकला. गाडी पुण्याची. चालक म्हणतो, "पोलीस, विमा यांच्या भानगडीत नको, पन्नास हजार देतो, मिटवून टाकू." पोलिसांत तोंडी सांगितले आहे, गुन्हा नोंदलेला नाही. आता काय करावे?

पन्नास हजार घेऊ नका आणि "आमची काही तक्रार नाही" अशा कोणत्याही कागदावर सही करू नका. गुन्हा आजच नोंदवा. नडगी मोडलेल्या, पायावर उभे राहून पोट भरणाऱ्या ३८ वर्षांच्या बाईचा दावा किती मोठा होऊ शकतो याचे गणित पुढे मांडले आहे. ते पाहिले की ही रक्कम किती तोकडी आहे ते कळेल. आणि गाडीचा विमा चालू असेल तर पैसे चालकाच्या खिशातून जाणार नाहीत. गाडीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसासाठीच सक्तीचा केलेला आहे, आणि पायी चालणारा हा त्यातला पहिला त्रयस्थ. त्यामुळे दावा केला म्हणजे कोणाचे वाटोळे केले, असे मनात आणायचे कारण नाही.

सुट्टीतल्या अपघाताची खरी अडचण वेगळी आहे. अपघात पाहणारे चाकरमानी असतात, ते पाच-सात दिवसांत गाडी पकडून मुंबईला जातात. धडक देणारा पर्यटक असतो, तो दुसऱ्या दिवशी परततो. पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात असतात, पंचनामा उरकला जातो किंवा राहून जातो. पाऊस रात्रीतून ब्रेकच्या खुणा धुऊन नेतो. हॉटेलचा कॅमेरा आठ-पंधरा दिवसांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे भरतो. सुट्टी संपली की पुरावाही संपतो, आणि तीन-चार वर्षांनी न्यायालयात उलटतपासणी होते ती मात्र त्या एका संध्याकाळच्या दहा मिनिटांची. म्हणून पहिल्या आठवड्यातली कामे जास्त तपशिलात सांगतो.

दवाखान्याची पहिली ओळ

जखमीला आधी ग्रामीण रुग्णालयात नेतात, तिथून चिपळूण, रत्नागिरी किंवा डेरवणला हलवतात. सिंधुदुर्गातले बरेच रुग्ण ओरोसहून पुढे गोव्यात बांबोळीला जातात, डोक्याला मार असेल तर कोल्हापूर किंवा मुंबई. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि प्रत्येक केसपेपरवर "कसे लागले" याची एक ओळ असते. विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी ती ओळ वाचतो.

घोळ इथेच होतो. जखमी अर्धवट शुद्धीत असते, सोबत आलेला शेजारी घाबरून "रस्त्यावर पडली" म्हणतो, किंवा पोलिसांचे लचांड नको म्हणून मुद्दाम तसे सांगतो. डॉक्टर लिहितात, "पडून दुखापत". मग कंपनी म्हणते, बाई पाय घसरून पडली, गाडी नंतर दाव्यात घुसवली. तेव्हा आज सगळे केसपेपर काढून वाचा. "वाहनाची धडक" असे शब्द, तारीख, वेळ आणि जागा असायला हवी. गाडीचा क्रमांक असेल तर उत्तम. चुकीचे लिहिले असेल तर खाडाखोड करून घेऊ नका, खाडाखोड संशय वाढवते. वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, मूळ नोंद तशीच ठेवून खाली तारखेसह वेगळी दुरुस्ती लिहून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली आहे का ते विचारा. खासगी दवाखान्यात सुट्टीच्या गर्दीत ती राहून जाते. झाली असेल तर तिचा क्रमांक टिपून ठेवा.

केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली आहे : अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. मोटार वाहनाने झालेला अपघात असला की पादचाऱ्यालाही ती लागू आहे. त्यासाठी अपघात झाल्याची पुष्टी पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणजे पोलिसांत वेळेवर कळवणे इथेही उपयोगी पडते. रुग्णालयात दाखल करतानाच विचारायचे असते, बिल भरून झाल्यावर विचारून फायदा नाही. आणि जखमीला उचलून आणणाऱ्याने घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिलेले आहे, नाव सांगायचे की नाही हेही त्याच्या मर्जीवर आहे.

गुन्हा नोंदवताना

तोंडी सांगणे म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे. स्टेशन डायरीतली नोंद दाव्याला पुरत नाही. बेदरकार वाहन चालवणे हे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, आणि हाड मोडले की ती कायद्याने गंभीर दुखापत, म्हणून कलम १२५(ब). हाडाला नुसती चीर गेली असली तरी ते अस्थिभंगच, एक्स-रेचा अहवाल मात्र जोडा. जखमी रुग्णालयात असेल तर भाऊ, नवरा, प्रत्यक्ष पाहणारा, कोणीही खबर देऊ शकतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तीच तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, फक्त उशिराचे कारण खबरीतच लिहा : "जखमीवर शस्त्रक्रिया चालू होती, घरात दुसरे कोणी नव्हते." कारण न लिहिलेला उशीर पुढे बोचतो.

जबाबात नेमकेपणा ठेवा. बहीण रस्त्याच्या कोणत्या कडेने चालत होती, गाडी मागून आली की समोरून, हातात बॅटरी होती का, सोबत कोण होते, धडकेनंतर ती कुठे पडली, गाडी किती अंतरावर जाऊन थांबली. वेगाचा आकडा अंदाजाने ठोकू नका. "ऐंशीच्या स्पीडने" असे जबाबात आले की उलटतपासणीत "तुम्ही वेग कसा मोजला?" हा प्रश्न येतो आणि चांगला साक्षीदार अडखळतो. "गाडी वीस पावले पुढे जाऊन थांबली" हे पाहिलेले आहे, ते सांगता येते, आणि वेग त्यातून आपोआप दिसतो.

चालकाने दारू घेतल्याचा संशय असेल तर लगेच त्याच्या तपासणीची मागणी करायची असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी ही मागणी करून काही हाती लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडीचा क्रमांक मिळाला नाही म्हणून ओळखीच्या कोणाची विमा असलेली गाडी दाखवा, असा सल्ला देणारे लोक प्रत्येक तालुक्यात भेटतात. तसे करू नका. असे बनावट दावे आता विशेष पथकांकडून तपासले जातात. दावा तर जातोच, वर जखमी माणूसच आरोपी होतो. अज्ञात वाहनासाठी वेगळी, सरळ वाट आहे, ती पुढे सांगतो.

घटनास्थळ : टेप घेऊन जा

योगदायी निष्काळजीपणा, म्हणजे "चूक तिचीही होती", हा विमा कंपनीचा ठरलेला बचाव. अचानक आडवी आली, डांबरावरून चालत होती, अंधारात गडद साडी नेसली होती. हा बचाव टिकला की न्यायाधिकरण, म्हणजे मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवणारे न्यायालय, भरपाईतून तेवढे टक्के कापते. कोकणातल्या रस्त्यावर त्याचे उत्तर जागेवरच सापडते, पण ते वेळेत टिपावे लागते.

आपल्याकडच्या वाडीच्या रस्त्यांना पदपथ नसतो. जांभ्याच्या मातीची साइडपट्टी असते, ती पावसाळ्यात वाहून जाते आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल चर पडतो. भाद्रपदात त्यावर कमरेएवढे गवत माजलेले असते, खाली जनावर असेल म्हणून कोणी त्यात पाय घालत नाही. अशा ठिकाणी माणूस डांबराच्या कडेने चालतो, कारण दुसरी जागाच नसते. हे न्यायालयाला तोंडी पटवणे अवघड. दिवाळीपर्यंत गवत कापले जाते, पुढच्या वर्षी रस्ता रुंद होतो, आणि साक्षीच्या वेळी कंपनी नव्या रस्त्याचा फोटो पुढे करते. म्हणून उद्याच टेप घेऊन जा. डांबराची रुंदी मोजा. साइडपट्टी किती इंच उरली आहे, चर किती खोल आहे, ते टेप ठेवून जवळून फोटोत घ्या. बहीण पडली ती जागा डांबराच्या कडेपासून किती फुटांवर ते मोजा. मग त्याच जागी उभे राहून, गाडी आली त्या दिशेला तोंड करून संध्याकाळी सात वाजता एक फोटो घ्या. दिव्याचा खांब आहे का, दिवा लागतो का, वळण किती अंतरावर आहे, ते त्यात दिसते. सरळ शंभर मीटर रस्ता दिसत असेल तर "दिसलीच नाही" हे चालकाचे म्हणणे त्याच्याच विरोधात जाते : हेडलाइट लावलेल्या गाडीला शंभर मीटरवरून माणूस दिसला नाही, तर एक तर वेग जास्त होता किंवा लक्ष नव्हते. समोरून अप्पर मारणारी गाडी येत होती असे तो म्हणाला, तरी डोळे दिपल्यावर वेग कमी करणे हे चालकाचेच काम.

मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत तारीख-वेळेची माहिती उरत नाही.

बंपरचा तुकडा, आरशाची काच, तिची तुटलेली चप्पल, फुटलेली बॅटरी अजून तिथे असेल तर खिशात घालून घरी आणू नका. आहे तिथे फोटो काढा, तपासी अंमलदारांना बोलवा आणि पंचनाम्यात नोंदवून त्यांच्या ताब्यात द्या. पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घेऊन वाचा. रस्त्याची बाजू किंवा अंतर चुकले असेल तर लेखी हरकत द्या आणि पुरवणी पंचनामा मागा.

साक्षीदारांचे पूर्ण नाव, मुंबईचा पत्ता आणि फोन ते गावात असतानाच घ्या, पोलिसांकडे जबाब नोंदवूनच त्यांना जाऊ द्या. सोबत आरतीला गेलेली नात्यातली बाई साक्षीदार म्हणून चालते, पण नात्याबाहेरचा एक जण असला तर वजन वाढते. कॅमेऱ्यासाठी हॉटेल, पेट्रोलपंप, ग्रामपंचायत, सोसायटीची इमारत अशा ठिकाणी स्वतः जा, "अमुक वेळेचे चित्रण राखून ठेवा" असा लेखी अर्ज द्या आणि तपासी अंमलदारांनाही त्या ठिकाणांची यादी लेखी द्या. चित्रण पोलिसांनी रीतसर जप्त केलेले बरे. आपण पेनड्राइव्हवर आणलेल्या प्रतीला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते देणारा हॉटेलमालक दोन वर्षांनी सापडेलच असे नाही.

गाडीची कागदपत्रे आणि पोलिसांचे अहवाल

नोंदणी पुस्तिका, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासल्याचा अहवाल, हे चार कागद पोलिसांकडून मिळवायचे असतात. शेवटच्याकडे लोकांचे लक्ष नसते. डाव्या बाजूचा बंपर आणि दिवा फुटला आहे असे त्यात असेल तर कडेने चालणाऱ्या बाईला धडक बसली हे गाडीच सांगते. गाडी मालकाला परत मिळण्याआधी ही तपासणी झाली आहे याची खात्री करा.

२०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर ही सोय फार चांगली आहे. तरी तिच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नये. पोलिसांकडे "अहवाल पाठवला का, प्रत द्या" असा अर्ज करा आणि आपला दावा वकिलामार्फत स्वतंत्रपणे दाखल करा. महाराष्ट्रात पोलिसांकडून मिळणारा "एए फॉर्म" वकील हमखास मागतात, त्यात गाडी, मालक, चालक आणि विमा एकाच पानावर असतात.

परवाना नव्हता, विम्याची अट मोडली, अशी कारणे कंपनी देते. त्रयस्थ जखमीच्या बाबतीत बहुतेक निकालांत कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. विमाच नसेल तर मालक आणि चालक यांच्यावर थेट जबाबदारी येते आणि वसुली लांबते. अशा वेळी गाडी सोडताना मालकाकडून तारण घ्यावे, असा अर्ज सुरुवातीलाच करायला वकिलांना सांगा. भाड्याने दिलेल्या दुचाकीने उडवले असेल तर भाड्याने देणारा मालक प्रतिवादी होतो, एसटीने धडक दिली असेल तर महामंडळ.

कोणत्या कलमाखाली आणि किती मुदतीत

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. दिवाणी स्वरूपाचे काम असल्याने फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, घटना अशीच घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढे दिसले की पुरते. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी तेवढ्याने भरपाई जात नाही. कलम १६४ ची रक्कम रीतसर स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, हे लक्षात ठेवून निवड करा. तुमच्या बहिणीसाठी, मागून धडक आणि पुरावा हाताशी असताना, १६६ हाच मार्ग योग्य आहे.

१ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि ते प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. ज्यांची मुदत उलटून गेली त्यांनी त्यामुळे आशा सोडू नये. तुमच्या हातात मात्र वेळ आहे, तुम्ही सहा महिन्यांच्या आतच दाखल करा. अपंगत्वाचा दाखला हाड जुळून उपचार संपल्यावर मिळतो, त्याला बहुधा सहा महिने लागतात. त्या दाखल्यासाठी दावा अडवून ठेवायचा नसतो. दावा आधी, दाखला मागाहून.

दावा अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे दाखल करता येतो. गावी आलेल्या डोंबिवलीच्या माणसाला अपघात झाला तर त्याला ठाण्यात दावा लावता येतो, तारखेसाठी कोकणात यावे लागत नाही. तुमच्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातले न्यायाधिकरण सोयीचे, कारण साक्षीदार, डॉक्टर आणि पोलीस तिथलेच आहेत.

रकमेचे गणित

गृहीत धरलेल्या आकड्यांवर एक नमुना मांडतो. खानावळीतून महिना १५,००० रुपये सुटतात असे धरू. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. वय ३६ ते ४० ला गुणक १५, म्हणजे ३७,८०,०००. आता अपंगत्व. दाखल्यावर "उजव्या पायाचे ३० टक्के" असे लिहिले असेल तर ते त्या पायाचे असते, सगळ्या शरीराचे नसते. न्यायाधिकरण पाहते ते कमाईची क्षमता किती घटली ते. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाची त्याच पायाने १० टक्केही घटणार नाही. चुलीपुढे आणि ओट्यापाशी सात-आठ तास उभे राहणाऱ्या, खाली बसून नारळ खवणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईची जास्त घटते. २० टक्के मानले तर ७,५६,००० रुपये भविष्यातल्या कमाईचे नुकसान. जखमीच्या दाव्यात मृत्यूच्या दाव्यासारखी स्वतःच्या खर्चाची कपात होत नाही.

त्यात उपचारांची बिले १,६०,०००, सहा महिन्यांचा बुडालेला धंदा ९०,०००, पुढे रॉड काढण्याची शस्त्रक्रिया ५०,०००, मदतनीस, प्रवास आणि आहार ४०,०००, वेदना आणि आयुष्यातल्या गमावलेल्या सुखसोयी १,००,०००. बेरीज ११,९६,०००. शिवाय दावा दाखल झाल्यापासून व्याज, ते साधारण ६ ते ९ टक्के मिळते. आता योगदायी निष्काळजीपणा २० टक्के ठरला तर यातले २,३९,२०० रुपये जातात. साइडपट्टीच्या फोटोची किंमत यावरून कळावी.

प्रत्येक शीर्षकाला कागद लागतो. औषधांची बिले रुग्णाच्या नावाची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळणारी हवीत. मेडिकल दुकानाची नुसती "रोख" पावती कापली जाते. रिक्षा किंवा खासगी गाडीने दवाखान्यात नेलेत तर चालकाकडून तारीख, अंतर, रक्कम लिहून सही घ्या. रॉड काढण्याच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांच्या लेटरहेडवर हवा. खानावळीत तिच्या जागी बदली बाई ठेवली असेल तर तिला दिलेल्या पगाराची नोंद हा कमाई बुडाल्याचा फार चांगला पुरावा असतो, आणि तो बहुतेक जण ठेवत नाहीत.

मेडिक्लेम असेल तर घाबरू नका. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. फक्त मूळ बिले विमा कार्यालयात देण्याआधी शिक्क्याच्या प्रती घ्या.

कमाईचा पुरावा ही कोकणातल्या दाव्यांची सगळ्यांत कच्ची बाजू आहे. आंब्याचा हंगाम दोन महिन्यांचा, होडीवरच्या खलाशाला वाट्याप्रमाणे पैसे, मासेविक्रीचा हिशेब तोंडी. खानावळीसाठी यूपीआयचे सहा-बारा महिन्यांचे व्यवहार, गॅस आणि वाण्याची बिले, ग्रामपंचायतीची नोंद, अन्न परवाना, नेहमीच्या गिऱ्हाइकाची साक्ष हे गोळा करा. मच्छीमारासाठी सहकारी संस्थेचा उतारा आणि डिझेल कोट्याचे पुस्तक, बागायतदारासाठी सातबारा आणि दलालाच्या पट्ट्या. बागायतदाराला एक सूचना : अपघातानंतरही बाग उत्पन्न देतच राहते, म्हणून सगळे उत्पन्न बुडाले असे मांडू नका. स्वतः करत असलेले काम आता मजुराकडून करून घ्यावे लागते, तो खर्च मांडा. काहीच पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न गृहीत धरते. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मोल धरले जाते, "ती काही कमवत नाही" असे अर्जात कधीही लिहू नका.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या आणि दाखला देणारे किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येतील हे वकिलांकडून आधीच ठरवून घ्या. डॉक्टरांची साक्ष नसलेला दाखला बऱ्याचदा अर्ध्यावर येतो. डॉक्टरांनी पायाच्या टक्केवारीबरोबर हेही सांगायला हवे : मांडी घालून बसता येते का, किती वेळ उभे राहता येते, जिना चढता येतो का.

गाडी सापडलीच नाही तर

धडक देऊन पळालेली गाडी शोधताना टोलनाक्यावरचे फास्टॅग आणि कॅमेरे, गोव्याच्या वाटेवर इन्सुलीचा नाका, घाटमाथ्याकडे गेली असेल तर घाटातले कॅमेरे, ही ठिकाणे पोलिसांना सुचवा. क्रमांकाचे चार आकडे आणि गाडीचा रंग एवढ्यावरही शोध लागतो. तरीही तपास लागला नाही तर कलम १६१ खालची योजना आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, पैसे थेट बँक खात्यात. न्यायालयात जावे लागत नाही. अर्जासोबत एफआयआर, दुखापतीचा अहवाल, ओळखपत्र, बँक पासबुक आणि हमीपत्र. नंतर गाडी सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करायची असते. रक्कम कमी आहे हे खरेच, पण अनेक कुटुंबांना योजना माहीतच नसल्याने तीही पदरात पडत नाही.

वकील, तडजोड आणि अपील

स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या इमारतीतच असते. खासगी वकील घेतला तर फी लेखी ठरवा. "मिळेल त्यातले इतके टक्के" असा करार वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही देऊ नका आणि बहिणीच्या खात्याचे पासबुक, एटीएम कार्ड दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका. रुग्णालयाच्या दारात वकीलपत्र घेऊन उभ्या असलेल्या दलालाला नाही म्हणा.

कंपनी तडजोडीचा आकडा देईल तेव्हा वरच्या पद्धतीने आपला आकडा काढून समोर ठेवा. अपंगत्वाचा दाखला हातात येण्याआधी तडजोड करू नका, कारण तोवर पाय किती सुधारणार हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. थोडी कमी रक्कम लवकर घेणे काही घरांना परवडते, तो निर्णय बहिणीचा. तो तिने आकडा समजून घ्यावा, दडपणाखाली नको.

निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ते ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते, रायगडसाठी मुंबईच.

चालक अजून गावात असेल तर त्याच्याशी भांडू नका. त्याने माणुसकीने दवाखान्याचा खर्च केला तर रकमेची पोच द्या, पोचेवर "उपचारासाठी तातडीची मदत, हक्क राखून" एवढे लिहा आणि प्रत ठेवा. गुन्हा नोंदवायला जाताना सगळे केसपेपर, एक्स-रे, गाडीचा फोटो आणि साक्षीदारांची यादी एका पिशवीत घेऊन जा. ठाणे अंमलदार बंदोबस्तावर असतील तर थांबा, पण एफआयआरचा क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका.